प्रश्न नको, कागदाचं नाव सांगा : सांगली-साताऱ्यात सरकारी रेकॉर्ड कसं मागायचं

एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नसेल, किंवा ऐकताना मुदती आणि फीचे आकडे लिहून घ्यायचे राहिले असतील, तर हे लिखित रूप तुमच्यासाठी. फोनमध्ये सेव्ह करून ठेवा. कार्यालयाच्या दारात उभं असताना उपयोगी पडेल.

आजचा विषय आहे सरकारी कार्यालयातून कागद मिळवणं. आरटीआय हा शब्द सगळ्यांना माहीत असतो, पण स्वतः अर्ज केलेला माणूस दहात एक सापडतो. बाकीच्यांची दोन कारणं असतात: "कोण जाणार त्या भानगडीत?" आणि "देतच नाहीत हो ते काही." पहिल्या कारणाचं उत्तर दहा रुपये आणि एक कोरा कागद. दुसऱ्या कारणाबद्दल मात्र सविस्तर बोलायला पाहिजे, कारण बरेच अर्ज एकाच जागी अडकतात.

आपण प्रश्न विचारतो, तिथेच गाडी अडते

मी व्यवसायाने सॉफ्टवेअरवाला. डेटाबेसला "धंदा का बसला?" असं विचारलं तर काहीच हाती लागत नाही. कुठल्या टेबलमधली, कुठल्या तारखेची माहिती पाहिजे हे सांगावं लागतं. सरकारी कार्यालयाचंही तसंच आहे.

माहितीचा अधिकार कायद्यात "माहिती" म्हणजे कार्यालयाकडे आधीच असलेली गोष्ट: नोंदवही, आदेश, नकाशा, करार, फाइलवरची टिपणी, नमुना, संगणकातली फाइल. माहिती अधिकाऱ्याने तुमच्यासाठी नवीन माहिती तयार करावी, मत द्यावं किंवा कारण शोधून काढावं असं कायदा म्हणत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सीबीएसईच्या उत्तरपत्रिकांच्या खटल्यात हे स्पष्ट केलं. त्याच निकालात विद्यार्थ्याला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका बघायचा हक्कही मिळाला. उत्तरपत्रिका हा असलेला कागद आहे, म्हणून ती मिळते.

आता हे दोन अर्ज बघा.

पहिला: "आमच्या गावचा रस्ता एका पावसात का उखडला? याला जबाबदार कोण?"

दुसरा: "अमुक रस्त्याच्या अमुक वर्षी झालेल्या कामाचं अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पानं आणि अंतिम देयक यांच्या साक्षांकित प्रती द्याव्यात."

पहिल्याला उत्तर येतं, "सदर बाब माहितीच्या व्याख्येत बसत नाही." दुसऱ्याला असं उत्तर देता येत नाही. आणि गंमत म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या अर्जाच्या कागदातच असतं. मोजमाप पुस्तिकेत डांबराचा थर किती जाडीचा लिहिलाय ते बघायचं आणि पट्टी घेऊन रस्त्यावर जायचं. अगदी वापरलेल्या मालाचा प्रमाणित नमुनासुद्धा कायद्याने मागता येतो.

म्हणून आजच्या एपिसोडचं सगळं सार एका ओळीत: प्रश्न विचारू नका, कागदाचं नाव सांगा.

आपल्या दोन जिल्ह्यांची गोष्ट

कागदाचं नाव कळलं की पुढचं कोडं, तो राहतो कुठे? सांगली-साताऱ्यात हे कोडं जरा जास्तच गुंतलंय, आणि त्याला दोन कारणं आहेत.

पहिलं कारण इतिहासाचं. आजचा सांगली जिल्हा १९४९ साली "दक्षिण सातारा" या नावाने तयार झाला. सांगली, मिरज, जत ही संस्थानं विलीन झाली आणि त्यांना जुन्या सातारा जिल्ह्यातले वाळवा, शिराळा, तासगाव, खानापूर हे भाग जोडले गेले. "सांगली" हे नाव १९६० साली मिळालं. म्हणजे ईश्वरपूरच्या (पूर्वीच्या इस्लामपूरच्या) किंवा विट्याच्या माणसाचे पणजोबा कागदोपत्री सातारा जिल्ह्याचेच, आणि मिरजेच्या माणसाचे पणजोबा संस्थानी. २०२३ पासून कुणबी नोंदी शोधायला हजारो घरं बाहेर पडली, तेव्हा हा गुंता किती खोल आहे ते कळलं. त्या शोधात जुनी जन्म-मृत्यू नोंद, म्हणजे गाव नमुना १४, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, फार कामाला आली. शाळेचं जनरल रजिस्टर, जुने फेरफार, भूमी अभिलेखची कागदपत्रं हीही बघितली गेली, आणि जुनं बरंचसं मोडी लिपीत. तुमचा तालुका वरच्या चारांपैकी असेल आणि कागद १९४९ च्या आधीचा असेल, तर तहसीलच्या अभिलेख कक्षात "नाही" म्हटल्यावर थांबू नका. साताऱ्यातही विचारा.

दुसरं कारण नदीचं. पाणी सोडलं जातं पाटण तालुक्यातल्या कोयना धरणातून, म्हणजे सातारा जिल्ह्यात, आणि ते मोजलं जातं सांगलीत आयर्विन पुलाखाली. तिथे ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. आपल्या घरात पाणी किती आलं हे सांगलीकराला तोंडपाठ असतं. पण त्या दिवशी धरणातून तासातासाला किती विसर्ग होता हा कागद दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या कार्यालयात असतो.

अशा वेळी कायद्यातली एक सोय लक्षात ठेवा. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर तो परत करायचा नसतो. त्यांनीच पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे वर्ग करून तुम्हाला तसं कळवायचं असतं. हे कलम ६(३). काउंटरवर "आमच्याकडे येत नाही हे" असं ऐकलं तर शांतपणे म्हणायचं, "मग साहेब, कलम सहा-तीनप्रमाणे वर्ग करा, मला फक्त पोच द्या."

पायरी १ : आधी फोन उघडा

अर्ज लिहिण्याआधी दहा मिनिटं मोबाइलवर घालवा. बऱ्याच गोष्टी तिथेच मिळतात.

सातबारा आणि आठ-अ महाभूलेखवर फुकट बघता येतात. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो आणि तो कुठल्याही सरकारी कामाला चालतो, त्यासाठी तलाठी भाऊसाहेबांना शोधत फिरावं लागत नाही. (त्यांचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण गावात कोण म्हणतंय!) ग्रामपंचायतीला कुठल्या योजनेत किती पैसे आले आणि कशावर खर्च झाले, हे ई-ग्रामस्वराजवर गावाचं नाव टाकलं की दिसतं. नवीन बिल्डिंगचे मंजूर नकाशे आणि परवानग्या महारेराच्या साइटवर असतात. २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीचा २०२० चा अहवालही जाहीर झालेला आहे.

याशिवाय कायद्याच्या कलम ४ प्रमाणे प्रत्येक कार्यालयाने १७ प्रकारची माहिती स्वतःहून जाहीर करायची असते. त्यातच जन माहिती अधिकारी कोण आणि अपिलीय अधिकारी कोण हेही असतं. कार्यालयाच्या भिंतीवर तो फलक असायला पाहिजे. दिसला की फोटो काढून ठेवा, पुढे लागतो.

पायरी २ : सोमवार, दुपारी ३ ते ५

ही गोष्ट फार कमी जणांना माहीत आहे. २६ नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयानुसार जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांनी आणि महानगरपालिका, जिल्हा परिषद, नगरपरिषदांसारख्या स्थानिक संस्थांनी दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना रेकॉर्ड बघायला द्यायचं आहे. सोमवारी सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी. पुणे महापालिकेत ही पद्धत आधी सुरू झाली होती, नंतर ती राज्यभर लागू केली.

याचा फायदा असा की फाइल समोर आली की कुठलं पान पाहिजे ते कळतं. मग अर्जात "संपूर्ण फाइल द्या" लिहावं लागत नाही. "नस्ती क्रमांक अमुक, पान १४ ते १९" एवढं लिहिलं की झालं.

माझा आतेभाऊ सांगलीत फ्लॅट बघत होता. रीसेलचा, २०१७ च्या आधी पूर्ण झालेल्या बिल्डिंगमधला, त्यामुळे महारेरावर काहीच नव्हतं. एजंट सांगत होता, "एकोणीसला पाणी फक्त गेटपर्यंत आलेलं." आता हे खरं की खोटं हे कुणाला विचारून कळणार? शेजारी सांगतील, पण ज्याला स्वतःचा फ्लॅट विकायचा आहे तो शेजारी काय सांगणार? म्हणून आम्ही तीन कागदांची नावं लिहून काढली.

एक, पूररेषेचा नकाशा. पूररेषा जलसंपदा विभाग आखतो. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी ते निळी रेषा हा निषिद्ध पट्टा. निळी ते लाल हा नियंत्रित पट्टा, तिथे बांधकाम होऊ शकतं पण अटींवर, म्हणजे जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा उंच पाहिजे वगैरे. दोन, बांधकाम परवाना आणि त्यातल्या अटी. तीन, भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत परवान्याप्रमाणे बांधली आहे आणि राहायला योग्य आहे हे सांगणारा कागद.

सोमवारी गेलो. कार्यालयाचं नाव सांगत नाही, त्याची गरज नाही. आधी "कशाला पाहिजे?" झालं, मग "साहेब मीटिंगला गेलेत" झालं. आतेभावाने शासन निर्णय मोबाइलवर उघडून दाखवला आणि "आम्ही थांबतो" म्हणाला. चारच्या सुमारास फाइल आली. जागा निळ्या आणि लाल रेषेच्या मधली निघाली. परवान्यात जोत्याच्या उंचीची अट होती. भोगवटा प्रमाणपत्र त्या नस्तीत लावलेलंच नव्हतं. मग त्याच एका गोष्टीसाठी दहा रुपयांचा अर्ज केला, आणि २६ व्या दिवशी लेखी उत्तर आलं की असं प्रमाणपत्र दिल्याची नोंद नाही.

"नोंद नाही" हेही उत्तरच आहे बरं का. आणि ते सही-शिक्क्याचं असलं की एजंटच्या तोंडी हमीपेक्षा भारी पडतं. आतेभावाने तो सौदा सोडला. वीस वर्षांचं कर्ज डोक्यावर घेण्याआधी त्याचे खर्च झाले बसभाडं, दहा रुपये आणि एक अर्धी रजा.

पायरी ३ : अर्ज

महाराष्ट्राने २००२ सालीच स्वतःचा माहिती अधिकाराचा कायदा आणला होता, त्यामागे अण्णा हजारेंचं आंदोलन होतं. आता लागू आहे तो केंद्राचा कायदा, १२ ऑक्टोबर २००५ पासून. पण फी आणि नमुन्याचे नियम आपल्या राज्याचे आहेत.

अर्ज "जोडपत्र अ" या नमुन्यात करायचा. फी १० रुपये, कोर्ट फी स्टॅम्प लावला की काम झालं. दारिद्र्यरेषेखालच्या व्यक्तीला फी नाही, दाखल्याची प्रत जोडायची. एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांच्या आत, हा आपल्या राज्याचा नियम आहे. प्रती घ्यायच्या तर एका साध्या पानाला २ रुपये.

अर्जात चार गोष्टी नेमक्या लिहा: कागदाचं नाव, कालावधी, ठिकाण (गट नंबर, वॉर्ड, गाव), आणि प्रत पाहिजे की आधी पाहणी. "आजपर्यंतची सर्व माहिती" असं लिहू नका. वर्ष टाका.

कारण लिहायची गरज नाही. कलम ६(२) सांगतं की अर्जदाराला कारण विचारायचं नाही. गावात मात्र विचारतातच, कारण ग्रामपंचायत अधिकारी घरच्यांना ओळखत असतो आणि संध्याकाळी पारावर चर्चा होते. तिथे वाद घालू नका. "भाऊसाहेब, घरच्या फाइलला लावायचंय" एवढं पुरतं. ज्यांच्याशी पुढची वीस वर्षं काम आहे त्यांना पहिल्याच दिवशी कायदा ऐकवून उपयोग नाही.

अर्ज आवक विभागात द्या आणि स्वतःच्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्या. पोच नसेल तर पुढचं सगळं हवेत. पुण्या-मुंबईत राहत असाल तर राज्याच्या आरटीआय पोर्टलवरून ऑनलाइन अर्ज करता येतो. तुमचं कार्यालय त्या यादीत नसेल तर स्पीड पोस्ट. आणि पोस्ट, रेल्वे, राष्ट्रीयीकृत बँक ही केंद्राची कार्यालयं आहेत. तिथे कोर्ट फी स्टॅम्प चालत नाही, पोस्टल ऑर्डर लागते किंवा केंद्राचं वेगळं पोर्टल आहे.

उत्तराची मुदत ३० दिवस. जीविताचा किंवा व्यक्तिस्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तास. मधे "अमुक पानांचे इतके रुपये भरा" असं पत्र आलं तर लगेच भरा, कारण पत्र निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस मुदतीत धरत नाहीत. मुदत उलटून गेली तर माहिती फुकट द्यावी लागते.

पायरी ४ : नाही म्हटलं तर

३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. "जोडपत्र ब", २० रुपयांचा स्टॅम्प, त्याच विभागातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे. निर्णय ३० दिवसांत, फार तर ४५. तिथेही नाही झालं तर ९० दिवसांत दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडे. सांगली आणि सातारा दोन्ही पुणे खंडपीठाखाली येतात. आयोग माहिती अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५ हजारांपर्यंत दंड करू शकतो. पण खरं सांगतो, आयोगात तारीख लागायला फार काळ जातो. म्हणून सगळा जोर पहिल्या अपिलावर लावा. तिथे समोरासमोर सुनावणी होते, आणि कागदाचं नाव नेमकं असेल तर बरीच प्रकरणं तिथेच मिटतात.

दोन उत्तरं वारंवार येतात, ती ओळखून ठेवा.

"रेकॉर्ड सापडत नाही." प्रत्येक कागद किती वर्षं जपायचा हे ठरलेलं असतं. काही कायमचे, काही ३० वर्षं, काही वर्षभर. मुदत संपून नष्ट केला असेल तर नष्ट केल्याची नोंद असायला पाहिजे. मग त्या नोंदीची प्रत मागा. नोंदही नसेल तर महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ चा उल्लेख करून अपील करा. बऱ्याचदा हरवलेला कागद सुनावणीच्या आदल्या दिवशी कपाटात सापडतो.

"वैयक्तिक माहिती असल्याने देता येत नाही." हे आता वाढणार आहे. डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्यामुळे नोव्हेंबर २०२५ पासून कलम ८(१) मधलं वैयक्तिक माहितीचं कलम बदललं आणि नकार देणं सोपं झालं. उदाहरणार्थ पूरग्रस्तांच्या मदतीची नावनिशी यादी मागितली तर नकार येऊ शकतो. तेव्हा नावं सोडून कागद मागा: गावात किती पंचनामे झाले, किती मंजूर, एकूण रक्कम किती, कुठल्या आदेशाने. नावंच हवी असतील तर कलम ८(२) अजून शिल्लक आहे. त्यात मोठं सार्वजनिक हित असेल तर माहिती देता येते. फक्त ते हित काय आहे हे अर्जात दोन ओळींत सांगा.

या सोमवारी काय करायचं?

एक कागद निवडा, एकच. घराच्या ग्रामपंचायत कराची नोंद असलेला नमुना ८, मागच्या ग्रामसभेचं इतिवृत्त, तुमच्या गल्लीतल्या गटारीचं अंदाजपत्रक, किंवा जिथे राहता त्या जागेची पूररेषा. आधी फोनवर शोधा. नाही मिळाला तर सोमवारी तीन वाजता जा. तिथेही नाही मिळाला तर दहा रुपयांचा स्टॅम्प.

पुढच्या पावसाळ्यात आयर्विनचा आकडा पुन्हा सगळ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरायला लागेल. तुमचं घर निळ्या रेषेच्या आत आहे, मधे आहे की बाहेर, हे त्याआधी कळलेलं बरं. तो नकाशा आत्ताही कार्यालयात आहे, कुणीतरी नाव घेऊन मागायचं बाकी आहे.

तुम्ही कुठला कागद मागितला आणि काय उत्तर आलं ते कळवा. निवडक उत्तरं पुढच्या एपिसोडमध्ये वाचून दाखवू, अर्थात नावं गाळून. भेटूया!